आरशावरच्या दोन पट्ट्या

वर्षभर ज्या माणसाच्या तोंडून माझं नाव ऐकायला मी आसुसले होते, त्यानं एका संध्याकाळी मला नावानं हाक मारली आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. समोर भिंतीवर कॅलेंडर हलत होतं. मी त्या पानांकडे बघत बसले होते, ती बसूनच राहिले.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई दगडाच्या काळजाची दिसते. मला ओळखणारं कुणी तसं म्हणणार नाही. मी उज्ज्वला मगदूम. सांगलीत मुलींच्या शाळेत उभी हयात खो-खो शिकवला, निवृत्तीनंतरही पंच म्हणून मैदानात उभी राहत होते. माझ्या शिट्टीला आणि जिभेला अख्खा जिल्हा टरकून असे. रिक्षावाल्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे आणि आमच्या ह्यांच्याशी भांडल्याशिवाय मावळत नसे. पुढं रिक्षा बिनचालकाच्या झाल्या, तेव्हा माझी मोठीच पंचाईत झाली. तर अशा बाईला काही वाटेनासं कसं झालं, ते सांगते.

आमचे हे, भूपाल मगदूम, पाटबंधारे खात्यात होते. नदीवरच्या बंधाऱ्याची दारं उचलायची आणि पाडायची, हे त्यांचं काम. दार उचलण्याआधी भोंगा द्यायचा आणि काठाकाठानं ओरडत जायचं. "पाणी सोडतोय! वर या!" धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी घेऊन उतरलेली पोरं, सगळी वर आलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय ह्यांनी कधी दाराला हात लावला नाही. एकदा वीज गेली आणि भोंगा मुका झाला, तर हे अख्खा काठ पळत ओरडत गेले. नंतर कितीतरी दिवस त्यांचा घसा बसला होता. "माझ्या पाण्यात कोण गेलं न्हाई," एवढी एकच फुशारकी त्यांनी जन्मात मारली.

सत्तरी उलटली आणि त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी वस्तू विसरले, मग माणसं, शेवटी मला. मला ते 'ओ बाई' म्हणायचे. दुपारपर्यंत ठीक असायचं. उन्हं कलली की त्यांची घालमेल सुरू व्हायची. गॅलरीत जाऊन ओरडायचे, दार उघडून जिना उतरायचे. दोनदा ते नदीच्या वाटेवर सापडले. दुसऱ्या वेळी अंगावर फक्त बनियन होता. त्यानंतर आमची मुलगी स्नेहल पुण्याहून आली, ती 'निवांत' घेऊनच.

इथं औषधाबद्दल थोडं सांगायला हवं. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना देताना पूर्वी डॉक्टर कचरत असत, आणि ते बरोबरच होतं. तरुण शरीर गोळी रातोरात निकालात काढतं. उतारवयात यकृत मंदावतं, मूत्रपिंडं थकतात, अंगातलं पाणी कमी होऊन चरबीचा वाटा वाढतो आणि यातली काही औषधं त्या चरबीत जाऊन मुक्काम ठोकतात. कालची गोळी अंगात असतानाच आजची तिच्या डोक्यावर येऊन बसते. मग माणूस बरळतो, त्याचा तोल जातो, तो न्हाणीघरात पडतो आणि त्याचा खुबा मोडतो. खुबा मोडलेली बरीच म्हातारी माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत. काही पलंगावरून उठतच नाहीत.

निवांतनं हे सगळं मोडीत काढलं. दंडावर चिकटवायची, नाण्याएवढी पट्टी. तिच्या पोटाशी डासाच्या सोंडेपेक्षा बारीक सुया. कातडीखालच्या द्रवातून ती सतत दोन गोष्टी मोजते. अंगात औषध किती उरलंय ही एक, आणि जीव घाबरा झाला की शरीर जी रसायनं सोडतं ती किती आहेत, ही दुसरी. घालमेल वाढली की ती औषधाचा एक कण सोडते, चालताना तोल जरा डळमळला की हात आखडता घेते. ज्याच्या अंगावर आहे त्याचं शरीर औषध किती वेगानं पचवतं, हे ती हळूहळू शिकत जाते. कितीही झालं तरी डॉक्टरांनी त्या पट्टीला आखून दिलेल्या मर्यादेच्या वर ती जात नाही. गोळी आंधळी होती, पट्टी डोळस आहे, असं कंपनी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. सांगलीतल्या हाडांच्या दवाखान्यांत खुबा मोडलेली माणसं येईनाशी झाली.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. औषध धोक्याचं होतं तोवर ते म्हाताऱ्यांना देताना लोक दहादा विचार करायचे. त्या धोक्यानंच आमची राखण केली होती. धोका गेला आणि त्याच्याबरोबर विचारही गेला. ज्याला त्याला पट्टी लागली. कुणी रागीट म्हणून, कुणी सुनेच्या कामात लुडबुड करतो म्हणून, कुणी बायको गेल्यावर फार रडतो म्हणून. आमच्या विश्रामबागेतल्या बागेत हास्यक्लब होता, तो बंद पडला. राजकारणावरून हमरीतुमरीवर येणारे पेन्शनर बाकावर शेजारी शेजारी बसून झाडाकडे बघू लागले. भाजीवाली मावशी एकदा मला म्हणाली, "काकू, म्हातारी माणसं भाव करंनाशी झाली बघा. मला करमंना झालंय."

ह्यांना पट्टी लागली आणि संध्याकाळचं ओरडणं थांबलं. बाकीचंही थांबलं. घास भरवला तर खायचे, बसवलं तिथं बसायचे. स्नेहलनं मलाही एक पट्टी लावली. "आई, तुझी किती ओढाताण होते. अगदी हलकी मात्रा आहे, तुझ्या वयाला आणि अंगाला बेतून दिलीय." मी लावून घेतली. खोटं कशाला सांगू, झोप बरी लागायची.

पट्टी आंघोळीलाही काढायची नसते. कंपनीनं बजावून सांगितलं होतं. पण अंगाला काहीतरी डकवून केलेली आंघोळ ही काय आंघोळ झाली? मी जन्मभर आंघोळीआधी टिकली काढून न्हाणीघरातल्या आरशावर चिकटवत आले. आपल्याकडे कुठल्याही घरात जा, त्या आरशावर टिकल्यांची रांग असतेच. तशीच मी माझी पट्टी आरशावर चिकटवायला लागले आणि ह्यांना आंघोळ घालताना त्यांचीही. पट्टीवरचा नंबर मुंगीएवढा, तो कुणाला दिसतोय? म्हणून खूण राहावी यासाठी माझ्या पट्टीवर मी एक लाल टिकली लावून ठेवली. मला वाटलं, आपण फार हुशार.

नंतरचे दिवस मला आठवतात, पण पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखे. अक्षरं दिसतात, लागत नाहीत. दूध उतू जात होतं आणि मी ते बघत उभी होते. ओट्यावरून खाली ओघळ आला, पायाला चटका बसला, तेव्हा मी पाय बाजूला घेतला. गॅस बंद केला नाही.

इचलकरंजीहून भाच्याचा फोन आला. माझी थोरली बहीण, सुमतीअक्का, गेली. हिनं मला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं होतं, माझ्या पहिल्या सामन्याला घरी खोटं सांगून मला पाठवलं होतं. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून कुकर लावला. डाळ किती घ्यायची याचा विचार केल्याचं मला आठवतं. स्नेहलचा फोन आला तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. "आई, किती धीरानं घेतलंस गं तू! तुझ्या पट्टीचा आलेख फोनवर बघतेय मी, एकदम हिरवा. मला वाटलं होतं, तू कोसळशील."

"नाही," मी म्हणाले.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. आमटीत मीठ नाही म्हणाले."

आता सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. वर्षभर चव न कळणारा माणूस ताटावर बसून मीठ मागत होता आणि मी ती बातमी पंचांग वाचावं तशी वाचून दाखवली. ते आपल्या हातानं जेवायला लागले होते. माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात यायचे. एकदा त्यांनी चहा केला, त्यात साखरेऐवजी रवा घातला आणि माझ्या हातात कप दिला. मी तो पिऊन टाकला.

आणि मग ती संध्याकाळ आली. मी खुर्चीत बसले होते. ते गॅलरीत गेले आणि इतक्या दिवसांनी तो आवाज उठला. "पाणी सोडतोय! वर या! पोरं काढा रं खालची!" समोरच्या आवटींची खिडकी उघडली आणि मिटली. ओरडून झाल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे सगळीकडे बघून घेतलं, काठ रिकामा झालाय का. काठ म्हणजे आमचा हॉल. त्यात मी बसलेली त्यांना दिसले.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "उज्ज्वला," ते म्हणाले, "पाणी सुटलंय. वर ये."

मी कॅलेंडरकडे बघत होते.

गुडघ्यांची कुरकुर करत ते खाली बसले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "अगं, वर ये की. अशी काय बसलीयास? बुडशील!" त्यांनी हिसका दिला. मग ते रडायला लागले, तोंड वेडंवाकडं करून, लहान पोरासारखं. "एवढ्या बायका आल्या वर. तूच कशी येईनास?"

मला काहीच वाटलं नाही. पण मला कळलं. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे पंचाला ठाऊक असतं. मैदानात माझ्या शाळेच्या मुली खेळत असल्या तरी मी निकाल दिले ते डोळ्यांना दिसलं त्यावरून, मनाला काय वाटलं त्यावरून नव्हे. तसंच मी आता बघितलं. वर्षभर जो माणूस मला ओळखत नव्हता तो मला नावानं हाक मारतोय. जी बाई कुणाचं काही ऐकून घेत नसे ती बहीण गेली तरी डाळ मोजतेय. दोघांचं काहीतरी उलटंपालटं झालंय.

मी उठून न्हाणीघरात गेले. आरशावर टिकल्यांच्या रांगेबाहेर एक लाल टिकली होती, एकटीच. माझ्या दंडावरच्या पट्टीवर टिकली नव्हती. बाहेर येऊन मी ह्यांची बाही वर केली. त्यांच्या पट्टीवर टिकलीएवढा गोंदाचा डाग होता, धूळ बसून काळा झालेला. चाळीस-एक वर्षं ह्या माणसानं फरशीवर, उशीवर, टॉवेलवर पडलेल्या माझ्या टिकल्या कुरकुर करत उचलल्या होत्या आणि नेऊन आरशावर लावल्या होत्या. टिकलीची जागा आरसा, ही गोष्ट ते विसरले नव्हते. पट्टीवर टिकली दिसली, त्यांनी ती काढून जागच्या जागी ठेवली. मग खूण गेलेल्या पट्ट्या मीच अदलाबदल करून आमच्या दंडांवर लावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोलावल्यावर आमच्या डॉक्टर अर्शिया मुजावर घरी आल्या. त्या माझ्या शाळेच्या विद्यार्थिनी, त्यामुळे माझ्यासमोर अजून ताठ उभ्या राहतात. त्यांनी दोन्ही पट्ट्या तपासल्या आणि खाली बसल्या.

"बाई, सरांच्या पट्टीची मर्यादा त्यांच्या अंगाप्रमाणं मोठी ठेवलेली. तुमचं अंग एवढंसं. तुम्ही त्यांची मात्रा घेताय आणि ते तुमची."

"मग तुझी डोळस पट्टी काय करत होती?"

"तिला फक्त दंड दिसतो, बाई, माणूस नाही. तोल गेला की ती थांबते, पण तुम्ही चाललातच कुठं? बसलेल्या माणसाचा तोल जात नाही. तिच्या हिशेबानं पेशंट सुधारत होता." त्या माझ्याकडे बघेनात. "कंपनीकडं तुमच्या घराचा आलेख उत्तम म्हणून गेलाय."

मी पट्टी ओढायला हात नेला, तेव्हा त्यांनी तो घट्ट धरला. "अशी एकदम काढू नका. शरीराला आता याची सवय झालीय. एकदम बंद केलं तर झटके येतील, भ्रम होईल. पायरी पायरीनंच उतरवावं लागतं." मग त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर स्नेहलला बोलावलं आणि दोन वाटा सांगितल्या. पट्ट्या आपापल्या जागी लावल्या तर हे पुन्हा पहिल्यासारखे गप्प होतील आणि सुरक्षित राहतील. नाहीतर माझी हळूहळू बंद करायची आणि ह्यांची हलकीच ठेवायची. मग हे बोलतील, ओरडतील, हिंडतील. पडतीलही.

"यात विचारायचं काय आहे?" भिंतीवरची स्नेहल म्हणाली. "बाबांची पट्टी बाबांना लावा."

"हलकीच ठेव, अर्शिया," मी म्हणाले.

"आई! ते पडले तर? खुबा मोडला तर? तू एकटी आहेस तिथं. तुला काहीच वाटत नाही का गं?"

"नाही. सध्या काहीच वाटत नाही. म्हणून तर आत्ता ठरवतेय. उद्या मला भीती वाटायला लागली की मीच म्हणेन, लावा ती पट्टी. त्या वेळी माझं ऐकू नकोस."

स्नेहल रडत होती. मी तिला समजावलं नाही, समजावण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. संमती तिची लागत होती, कारण पट्ट्या तिच्या नावावर होत्या. तिनं बापाकडे बघितलं. हे भिंतीजवळ गेले, तिच्या चित्रावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी रडायलीय. कुणाची हाय?" तिनं अंगठा दिला.

पायऱ्या लहान होत्या. सगळ्यात आधी परत आला तो राग. बिनचालकाची रिक्षा चुकीच्या गल्लीत वळली तेव्हा मी तिच्या काचेवर छत्री हाणली, आणि मला बरं वाटलं. मग एके दिवशी डाळ मोजताना हातातली वाटी तशीच राहिली आणि सुमतीअक्कासाठी मी ओट्याला धरून रडले. तेरावं होऊन महिना उलटला होता. रडणं एवढं उशिरा आलं की कुणाला सांगायची सोय नव्हती. हे येऊन उभे राहिले. "ओ बाई," म्हणाले, "मीठ कमी पडलं काय?"

होय, पुन्हा 'ओ बाई'. औषधानं झाकलेलं तेवढं वर आलं, आजारानं नेलेलं आलं नाही. माझं नाव अधूनमधून त्यांच्या तोंडी येतं, कधी येतं ते सांगता येत नाही. संध्याकाळी ते ओरडतात. आवटी विचारतात, "वहिनी, पट्टी संपली काय हो?" मी त्यांना सांगते, "तुमची केव्हा संपतेय ते बघा." ओरडून झालं की मी ह्यांचा हात धरून नदीपर्यंत नेऊन आणते. घरात जागोजागी आधाराचे दांडे लावले, पायपुसणी उचलली. आणि दुपारी गादीवर त्यांचा सराव घेते. माझ्या मुलींना मी पळायला शिकवण्याआधी पडायला शिकवायची. हनुवटी वर, तळवे पुढं, अंग सैल. ते विसरतात, मी पुन्हा घेते. दोन म्हातारी माणसं गादीवर लोळताहेत हे कुणी बघितलं असतं तर दोघांनाही पट्टी लागली असती.

माझी पट्टी सुटली त्याच आठवड्यात ते पडले. गॅलरीतून ओरडत आत येताना उंबऱ्याला पाय अडला. मी स्वयंपाकघरातून बघितलं. तो क्षण मी ओळखते, मैदानात हजारदा बघितलाय. पाय मागं राहतात आणि अंग पुढं जातं.

आवाज आला आणि मला भीती वाटली. काय सांगू कशी! पोटातून वर आली, कान बंद झाले, हातपाय गार. एवढी मोठी भीती माझ्या अंगात मावायची कुठं, हेच मला कळेना. धावत गेले तर ते पालथे पडले होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन बोलायला लागला. "भूपाल मगदूम यांची पडण्याची नोंद झाली आहे. हालचाल कमी होण्यासाठी मात्रा वाढवायची का?" खाली हिरवं बटण. माझा हात गेला. खरंच गेला. एक बोट टेकवलं की हे सगळं थांबणार होतं, त्यांचं पडणं आणि माझं हे घाबरणं. स्नेहलला मी जे बजावलं होतं ते मला आठवत होतं, तरी बोट बटणावरच होतं.

ह्यांनी मान वर केली. हनुवटी वर होती, तळवे पुढं. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, कोण राहिलंय का बघितलं, आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"तू आलीस न्हवं वर?"

मी फोन पालथा ठेवला. तो आतल्या आत विचारत राहिला. त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आले," मी म्हणाले. "आले हो."